अर्ज हीच पदवी

लोकप्रशासन किंवा सार्वजनिक धोरण या विषयाची पदव्युत्तर पदवी घ्यायची म्हणजे दोन वर्षं अभ्यास करायचा, अशी एक भाबडी समजूत आहे. सातारा-सांगलीकडच्या ज्या मुलामुलींनी परदेशी विद्यापीठातल्या या अभ्यासक्रमाचा अर्ज एकदा तडीस नेला आहे, त्यांना विचारून पाहावं. हा अभ्यासक्रम प्रवेशानंतर सुरू होत नाही. तो अर्जाच्या पहिल्या पानावर, नावाच्या रकान्यातच सुरू होतो आणि ‘सबमिट’चं बटण दाबलं की संपतो. पुढची दोन वर्षं ही नुसती उजळणी. माझं म्हणणं एवढंच, की उजळणीची फी घेऊ नये आणि अर्ज पोचला की पोचपावतीऐवजी थेट पदवीच धाडावी. हा सिद्धांत मांडणाऱ्याकडे या विषयातली कसलीही पदवी नाही. तेव्हा त्याचा यात काही स्वार्थ नाही, एवढं तरी वाचकांनी मान्य करावं.

पुराव्याला पहिल्याच रकान्यापासून सुरुवात करू. आपलं नाव म्हणजे तीन डब्यांची गाडी; कुठला डबा पुढं जोडायचा ते प्रत्येक खातं आपापल्या सोयीनं ठरवतं. गुणपत्रिकेवर आडनाव पुढं, पासपोर्टवर ते मागं, आधार कार्डावर वडिलांचं नाव मधल्या मध्ये गळालेलं आणि पासबुकात सगळ्यांची नुसती आद्याक्षरं. परदेशी अर्जाला यातलं काहीच ठाऊक नसतं. तो साळसूदपणे ‘फर्स्ट नेम’ विचारतो. गुणपत्रिकेवर जे फर्स्ट आहे ते उमेदवार लिहितो, आणि मग तिकडच्या कचेरीतून ‘डिअर पाटील’ अशी प्रेमळ पत्रं यायला लागतात. वाळवा तालुक्यात कुणी रस्त्यावरून ‘ओ पाटील’ अशी हाक मारली तर अर्धी एसटी खाली उतरेल, हे बोस्टनला कोण सांगणार? मग गुणपत्रिकेवरचे पाटील आणि पासपोर्टवरचे पाटील ही एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र करायला उमेदवार निघतो. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या मुद्रांकाची जागा पाचशेच्या मुद्रांकानं घेतली आहे. सरकारी दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांना हे शुल्क माफ आहे, पण ही माफी ऐकून माहीत असलेला माणूस आणि ती देणारा माणूस एकाच वेळी एकाच खिडकीपाशी सापडणं हा योग असतो. खिडकीवर होणारा संवाद साधारण असा :

“हे दोघं एकच का?”

“हो साहेब, मीच.”

“तुम्ही म्हणून काय उपयोग? कागद म्हणाला पाहिजे.”

माक्स वेबर या जर्मन पंडितानं नोकरशाहीचं विवेचन करताना लेखी कागदाला जे मध्यवर्ती स्थान दिलं, ते समजून घ्यायला वर्गात किमान दोन तास जातात. इथं तीन वाक्यांत वेबर संपला. शिवाय १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य सरकारनं आईचं नाव घालणं सक्तीचं केलं आहे. निर्णय चांगलाच आहे. फक्त ती पिढी २०४६ च्या सुमारास अशा अर्जांपाशी पोचेल तेव्हा तिच्याकडे चार डबे असतील आणि फलाट मात्र तीनच डब्यांचा.

शिष्यवृत्ती हवी असेल तर अभ्यासक्रमात इतिहास हा जादा विषय घ्यावा लागतो. जातीच्या दाखल्यासाठी आजोबांचा, जमल्यास पणजोबांचा पुरावा लागतो. तो मिळाला तर मोडीत असतो. आणि मोडी वाचणाऱ्यांना अलीकडं एवढी मागणी आहे की त्यांची वेळ घेणं हृदयरोगतज्ज्ञाची वेळ घेण्याइतकं अवघड झालं आहे. मोडी उलगडली तर वर जिल्हा निघतो ‘दक्षिण सातारा’. आता हे कुणाचंच चुकलेलं नाही. १ ऑगस्ट १९४९ ला जुन्या साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे झाले आणि २१ नोव्हेंबर १९६० ला दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. आजोबा मात्र त्या अकरा वर्षांत शाळेत गेले, ही त्यांची घाई. पोर्टलवरच्या यादीत ‘दक्षिण सातारा’ नसतो. केंद्रावरचा मुलगा यादी वरून खाली आणि खालून वर दोनदा फिरवतो आणि सहानुभूतीनं विचारतो, “आजोबांचा दुसरा जिल्हा नाही का?” प्रशासकीय सीमा बदलल्यानं नागरिकावर होणारे परिणाम, असा निबंध धोरणाच्या वर्गात लिहायला देतात. इथं तो निबंध उमेदवाराच्या घरीच पांढऱ्या टोपीत बसून चहा पीत असतो.

यापुढचा धडा खिडकीचा. मायकेल लिप्स्की या अमेरिकी अभ्यासकानं १९८० साली एक पुस्तक लिहून असं दाखवलं, की धोरण राजधानीत ठरतं हा भ्रम आहे. ते खऱ्या अर्थानं ठरतं रस्त्यावरचा पोलीस, शाळेतला शिक्षक आणि खिडकीमागचा कारकून यांच्या हातून. या शोधाबद्दल अमेरिकेत त्याचं फार कौतुक झालं. सातारा-सांगलीत हीच गोष्ट नव्यानं सांगायला गेलेल्या माणसाला लोक चहा पाजून परत पाठवतील. साताऱ्याचा उमेदवार गुणांच्या सीलबंद उताऱ्यासाठी, म्हणजे ‘ट्रान्सक्रिप्ट’साठी, सव्वाशे किलोमीटरवर कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात जातो. (सांगलीकराला हे अंतर निम्म्याहून कमी पडतं, पण तो तक्रार दुप्पट करतो.) कुठल्याही विद्यापीठाच्या कुठल्याही खिडकीवर नियम एकच असतो, पण नियमाचा अर्थ लंच टाइमच्या आधी वेगळा आणि नंतर वेगळा. सकाळी ‘पाकीट तुम्ही आणायचं’. दुपारी ‘बाहेरचं पाकीट चालत नाही’. पाकिटाच्या तोंडावर शिक्का मारायचा की शिक्क्यावर पाकीट चिकटवायचं, यावर दोन टेबलांत मतभेद असतात आणि दोन्ही टेबलांचं आपापल्या जागी बरोबर असतं. तिथून संध्याकाळच्या एसटीनं परतणारा मुलगा लिप्स्की न वाचता लिप्स्की झालेला असतो. योगायोग असा, की शिवाजी विद्यापीठ १९६२ सालचं आणि आपल्या जिल्हा परिषदाही त्याच वर्षी १ मे रोजी सुरू झालेल्या. शास्त्र आणि प्रयोगशाळा एकाच साली जन्माला आलेल्या भूमीत आणखी वर्ग कशाला बांधायचे?

लोकप्रशासनाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ‘पोस्डकॉर्ब’ नावाचा मंत्र पाठ करावा लागतो. ल्यूथर ग्युलिकनं १९३७ साली प्रशासकाची सात कामं सांगितली : नियोजन, संघटन, नेमणुका, निर्देशन, समन्वय, अहवाल आणि अंदाजपत्रक. त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा हा शब्द; ऐकायला डासांच्या औषधासारखा. वडूजच्या एखाद्या मुलीनं अर्ज भरताना काय काय केलं ते पाहा. कुठला कागद आधी काढला तर दुसऱ्या कागदाची मुदत संपणार नाही, हे तिनं कॅलेंडरवर मांडलं. मामेभावाला रांगेत उभं केलं, धाकट्याला झेरॉक्सला धाडलं, वडिलांना सहीपुरतं घरी बसवून ठेवलं. उत्पन्नाचा दाखला आणि तहसीलदारांची रजा यांचा मेळ घातला. रोज रात्री आजीला प्रगतीचा अहवाल दिला, कारण अर्जाचे पैसे आजीच्या पेटीतून येणार होते. आणि एवढं सगळं डॉलरमध्ये फी भरणाऱ्या कार्डाच्या मर्यादेत बसवलं. ते कार्डही पुण्याच्या आत्याच्या जावयाचं. ग्युलिकनं या बाईंच्या हाताखाली उमेदवारी केली असती तर आठवं काम सुचलं असतं.

हर्बर्ट सायमनचंही तेच. माणूस सर्वोत्तम पर्याय शोधत बसत नाही, पुरेसा बरा पर्याय दिसला की थांबतो, हे त्याचं मोठं प्रतिपादन. निर्णयप्रक्रियेवरच्या अशा कामासाठी १९७८ साली त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्याकडं याला ‘चालतंय की’ म्हणतात. फोटोत एक कान आला नाही, चालतंय की. स्पेलिंगमधला एक ‘ए’ जास्त झाला, चालतंय की. दोन शब्दांत जे मावतं त्यासाठी स्वीडनला जावं लागतं, हा भाषेच्या अल्पविस्ताराचा तोटा आहे. आणि अलीकडची गंमत म्हणजे पामेला हर्ड आणि डोनाल्ड मोयनिहन या दोन अभ्यासकांनी २०१८ मध्ये नागरिकाच्या डोक्यावरच्या प्रशासकीय ओझ्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. त्यांच्या मते या ओझ्याचे तीन भाग : काय लागतं ते शोधण्याचा खर्च, ते पुरं करण्याचा खर्च आणि त्यापायी होणारा मनस्ताप. हे पुस्तक अनेक ठिकाणी आवर्जून वाचायला देतात. ते वाचायला मिळावं म्हणून जो अर्ज करावा लागतो त्याला आधी शोधाशोध, मग पूर्तता आणि शेवटी मनस्ताप लागतो. म्हणजे पुस्तक हातात पडेपर्यंत वाचकाला त्यात नवं काही उरत नाही.

शिफारसपत्रांचं प्रकरण स्वतंत्र आहे. अर्जाला तीन शिफारसपत्रं लागतात, तीही गुप्त. गुप्तता या कल्पनेची आणि आपल्या महाविद्यालयीन जीवनाची फारशी ओळख नाही.

“सर, शिफारसपत्र हवं होतं.”

“लिहून आण, सही करतो.”

“सर, ते गोपनीय असतं. मी बघायचं नसतं.”

“मग डोळे मिटून लिही.”

यात सरांचा दोष नाही. त्यांच्याकडे तीन वर्गांचे पेपर, दोन समित्या आणि निवडणुकीची ड्युटी असते. विद्यार्थ्याच्या नेतृत्वगुणांबद्दल त्यांना एवढंच आठवतं की तो खिडकीपाशी बसायचा. पत्र ऑनलाइन भरायचं असेल तर परदेशी विद्यापीठ त्यांना लिंक पाठवतं. ती ते उघडत नाहीत, कारण अनोळखी लिंक उघडू नका असं बँकेनं त्यांना बजावलेलं असतं. ते लिंक पुसून टाकतात आणि सुटलो म्हणून मुलाला फोन करतात. कशीबशी तिसऱ्यांदा पाठवलेली लिंक उघडली, तर समोर तक्ता येतो : हा विद्यार्थी वर्गातल्या पहिल्या एक टक्क्यात आहे, पाच टक्क्यांत आहे, की दहा? सर सगळीकडे ‘एक’ करतात. आपल्याकडं मास्तरांनी पोराला दहा टक्क्यांत टाकणं हे पाप समजलं जातं. अशा रीतीनं एकशेवीसच्या वर्गातले एकशेवीस जण पहिल्या एक टक्क्यात बसतात. संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांनी आक्षेप घेतला असता, पण त्यांनीही कालच दोघांना तसंच बसवलेलं असतं.

एवढं झाल्यावर येतं ते उद्देशपत्र, स्टेटमेंट ऑफ पर्पज. ‘सार्वजनिक धोरणाकडे तुम्ही कसे वळलात?’ पाचशे ते हजार शब्द. सांगलीकडची मुलं इथं २०१९ च्या महापुरापासून सुरुवात करतात आणि साताऱ्याकडची माण-खटावच्या दुष्काळापासून. एकच कृष्णा महाबळेश्वराला उगम पावून दोन्ही जिल्ह्यांतून वाहते, हे नकाशात पाहणाऱ्या प्रवेश समितीला या लोकांचा नेमका प्रश्न काय आहे ते कळत नसावं. त्यातून हे सगळं धोरणाच्या इंग्रजीत लिहायचं असतं. गणेश मंडळाची वर्गणी गोळा केली, हे ‘रिसोर्स मोबिलायझेशन’. वर्गणी न देणाऱ्याच्या दारात ढोल वाजवला, हे ‘स्टेकहोल्डर एंगेजमेंट’. बांधावरून चुलत्याशी झालेलं भांडण ‘कॉन्फ्लिक्ट रिझोल्यूशन’मध्ये जातं, जरी रिझोल्यूशन अजून दिवाणी न्यायालयात असलं तरी. २०१६ च्या पहिल्या वॉटर कप या जलसंधारण स्पर्धेत कोरेगाव तालुका होता आणि वेळू गावानं पहिला नंबर काढला. तेव्हापासून त्या पट्ट्यातल्या कुठल्याही पोराच्या उद्देशपत्रात घमेलं नसेल तर ते पत्र बनावट समजावं. घमेल्याला इंग्रजी शब्द न सापडल्यानं मात्र ‘कम्युनिटी-ओन्ड इन्फ्रास्ट्रक्चर’ लिहिलं जातं.

पण खरी गंमत निराळीच आहे, आणि माझा मुख्य पुरावा तोच. उद्देशपत्र चांगलं व्हावं म्हणून सल्लागार सांगतो, की जगातलं एखादं उदाहरण घाला. मग तासगावचा मुलगा फिनलंडचं उदाहरण घालतो. तिथल्या सरकारनं २०१७-१८ मध्ये दोन हजार बेरोजगारांना दरमहा विनाअट ठरावीक रक्कम देऊन पाहिली. उत्तम प्रयोग. पण तो लिहिणाऱ्या मुलाच्या घरापासून सायकलच्या टप्प्यावर विसापूर आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास त्या परिसरात, मागेल त्याला काम, या कल्पनेचा प्रयोग करून पाहिला. १९७२ च्या दुष्काळात तीच राज्याची रोजगार हमी योजना झाली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५ मध्ये देशानं तिच्यावरून आपला कायदा बेतला. धोरणाच्या कुठल्याही वर्गात हा धडा चुकत नाही. म्हणजे मुलगा तासगावहून फिनलंड घेऊन बोस्टनला जाणार आणि बोस्टनचे प्राध्यापक त्याला तासगाव शिकवणार. भाडं तेवढं दोन्हीकडचं मुलाच्या बापाचं.

औंध घ्या. सूर्यनमस्काराचा ध्यास घेतलेले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली, गांधीजींच्या सल्ल्यानं, आपल्या बहात्तर गावांच्या संस्थानात राज्यकारभार गावपंचायतींच्या हाती सोपवणारी घटना आणली. सत्ता आपण होऊन सोडणाऱ्या राजाचं उदाहरण जगाच्या वाङ्मयात शोधायला संशोधन निधी मिळतो. खटाव तालुक्यात ते एसटीच्या पाटीवर आहे. त्याच संस्थानात, त्याच वर्षी, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत निघाली. जन्मठेपेच्या कैद्यांना तिथं भिंतीशिवाय, बेड्यांशिवाय, नुसत्या विश्वासावर शेती करायला ठेवलं. पुढं त्यावरून ग. दि. माडगूळकरांच्या कथेवर शांतारामबापूंनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. खुनाची शिक्षा भोगणाऱ्यांवर ज्या मातीनं विश्वास ठेवला, त्याच मातीतल्या पोरीच्या झेरॉक्सवर आज विश्वास बसत नाही. स्वतःच्या कागदावर स्वतःच सही केलेली चालेल, असं राज्य सरकारनं २०१५ मध्येच सांगून ठेवलंय. पण खिडकीवरचे साहेब ती सही बघून हळूच विचारतात, “ही तुमचीच कशावरून?”

आणि अनुभवाच्या रकान्याचं काय? तिथं ‘पूर्णवेळ, सवेतन, महिन्यांत’ असा हिशेब मागतात. क्रांतिसिंह नाना पाटलांनी हा अर्ज भरला असता तर? तलाठ्याच्या नोकरीचे महिने लिहिता आले असते. ती नोकरी सोडून पुढं १९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्यात आख्खं प्रतिसरकार चालवलं. लोकन्यायालयं, गावगाड्याची व्यवस्था, सावकार-दरोडेखोरांचा बंदोबस्त, बिनखर्चाची लग्नं, सगळं. पण ते पूर्णवेळ असलं तरी सवेतन नव्हतं, आणि वरिष्ठाच्या सहीचं अनुभवपत्र आणायचं तर वरिष्ठ भूमिगत. अर्ज नाकारला. दोन जिल्ह्यांनी राज्याला दिलेल्या मुख्यमंत्र्यांपैकी वसंतदादांचा अर्ज तर गुणांच्या सरासरीवरच अडला असता. शाळेशी बेताचाच संबंध आलेल्या या माणसानं १९८३ साली विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांची दारं उघडली, आणि त्या दारांतून बाहेर पडलेली मुलं आज सरासरीचं चाराच्या पट्टीत रूपांतर कसं करायचं ते समजावणारे व्हिडिओ काढतात.

आता आक्षेप. पहिला आक्षेप सुधारकांचा : हे सगळं जुनं झालं, आता सगळं ऑनलाइन आहे, २०१५ चा लोकसेवा हक्क कायदाही आहे. खरं आहे, आणि या कायद्याबद्दल मला मनापासून आदर आहे. दाखला किती दिवसांत मिळायला हवा होता हे त्याच्यामुळं नक्की कळतं. ऑनलाइन झाल्यामुळं खिडकी गेली नाही, ती फक्त तहसील कचेरीतून सेवा केंद्रात आली आणि तिला पंखा लागला. पूर्वी कागद हरवायचा, आता तो ‘साइज’मध्ये बसत नाही. अर्धा मेगाबाइटच्या आत पणजोबांचा मोडी दाखला वाचता येईल असा बसवणं हे शिवकालीन किल्ला बाटलीत घालण्यासारखं आहे. बसला की वाचता येत नाही, वाचता आला की बसत नाही, आणि दोन्ही जमलं त्या दिवशी सर्व्हर झोपतो. तलाठ्यांचंही पदनाम आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालं आहे. त्यामुळं अर्जात ‘तलाठी’ लिहावं तर नियमात बसत नाही आणि गावात ‘ग्राम महसूल अधिकारी’ कुठं राहतात विचारलं तर लोक म्हणतात, “ते काय ठाऊक न्हाई, भाऊसाहेबास्नी इचारा.”

दुसरा आक्षेप तर्कशुद्ध माणसांचा. अर्ज भरून माणूस धोरणतज्ज्ञ होत असेल तर रेशनपासून पीकविम्यापर्यंत आयुष्यभर अर्जच भरणारे आमचे सगळे शेतकरी धोरणतज्ज्ञ ठरतील. या आक्षेपाला माझं उत्तर : बरोबर. पावसाळ्यात सांगलीत आयर्विन पुलाच्या आसपास उभं राहून ऐकावं. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस फूट धोका, आणि २०१९ ला सत्तावन्नाच्या वर, हे आकडे तिथं पाढ्यासारखे येतात. अलमट्टी धरणाची उंची ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ वर नेली तर फुगवटा कुठवर येईल, यावर भडंगाची पुडी संपेपर्यंत दोन तट पडतात. एक तट पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीचा अहवाल मानतो, दुसरा मानत नाही, आणि दोघांनीही तो वाचलेला नसतो. पण अहवाल न वाचता त्यावर ठाम मत असणं, हे धोरणकर्त्याचं लक्षण नाही असं कोण म्हणेल? साताऱ्यात पोवई नाक्यावर हेच वाहतुकीबद्दल. तिथं प्रत्येकाकडे नवा आराखडा असतो आणि तो प्रत्येकाच्या स्वतःच्या दुकानापुढची गाडी वगळून असतो.

तिसरा आक्षेप विद्वानांचा आहे आणि त्यात थोडं तथ्य आहे. अर्जातून अनुभव मिळतो, पण सिद्धांत? वुड्रो विल्सननं १८८७ च्या निबंधात राजकारण आणि प्रशासन वेगळं काढलं, हे वाचल्याशिवाय कसं कळणार? अशा मुलाच्या घरात होणारं बोलणं ऐकलं तर हीही शंका फिटते.

“मंजी कलेक्टर व्हनार काय रं?”

“न्हाई आबा. धोरण शिकणार.”

“धोरण मंजी?”

“कलेक्टरनं काय करायचं ते ठरवायचं.”

“ते मंत्री ठरवत्यात की.”

“मंत्र्यांनी काय ठरवायचं ते सांगायचं.”

“ते तर आमी चावडीवर सांगतुयच. त्याला आमेरिकेला कशाला जातूस?”

विल्सनचा निबंध यापेक्षा बराच लांब आहे. शिवाय विल्सन पुढं अमेरिकेचे अध्यक्ष झाले, आबा ग्रामपंचायतीला दोनदा पडले, एवढाच काय तो फरक. राहता राहिली संशोधनपद्धती. त्यात ‘रिग्रेशन’ म्हणून एक महत्त्वाचं प्रकरण असतं. शब्दशः अर्थ मागे जाणं. पाच नंबरची खिडकी तीनकडं पाठवते, तीन नंबर एककडं आणि एक नंबर म्हणतो, आधी पाचवरून सही आणा. यापलीकडे काही शिकवत असतील तर मी माझे शब्द मागे घेईन.

परदेशी विद्यापीठांची बाजू घेणारेही भेटतात. ते म्हणतात, तिकडचं प्रशासन माणसाला समजून घेतं. घेत असेल. मुदतीच्या बाबतीत तर ते आपल्यावर मेहेरबानच आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हिवाळ्यात रात्रीचे ११ वाजून ५९ मिनिटं झाली की मुदत संपते, तेव्हा आपल्याकडं दुसऱ्या दिवशी सकाळचे १० वाजून २९ मिनिटं झालेली असतात. २०२० मध्ये पाच दिवसांचा आठवडा झाल्यापासून राज्यातली सरकारी कार्यालयं पावणेदहाला उघडतात. म्हणजे शेवटचा दाखला हातात घेऊन, स्कॅन करून, साइज कमी करून चढवायला शेवटच्या दिवशी सकाळी भरपूर चव्वेचाळीस मिनिटं मिळतात. यातली पहिली वीस मिनिटं टेबल पुसण्यात जातात, पुढची दहा चहा येण्यात, आणि उरलेल्या चौदा मिनिटांत साहेब मीटिंगला गेल्याचं कळतं. तरी अर्ज जातो. कसा जातो हे अर्ज भरणाऱ्यालाही सांगता येत नाही. कुणाचा तरी मेहुणा असतो, कुणाचा तरी हॉटस्पॉट असतो, आणि १० वाजून २८ मिनिटांनी हिरवी खूण येते. चार्ल्स लिंडब्लोम नावाच्या अभ्यासकानं १९५९ मध्ये ‘कसंबसं निभावून नेण्याचं शास्त्र’ या अर्थाचा लेख लिहून प्रशासन असंच चालतं असं दाखवलं होतं. त्याच्याकडे मेहुणा नव्हता, म्हणून त्याला लेख लिहावा लागला.

शेवटचा आक्षेप व्यवहारी माणसांचा. समजा, विद्यापीठांनी माझं ऐकलं, अर्ज पोचताच कंदी पेढ्यासारखी पदवी घरपोच आली. ती आपलं सरकार मानेल का? त्याची चिंता नको. परदेशी पदवी आपल्याकडं मानली जावी म्हणून समकक्षतेचं प्रमाणपत्र काढण्याची सोय आहे, विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२५ मध्ये त्याची नवी नियमावलीही काढली आहे. फार काही नाही, एक अर्ज करायचा. सोबत परदेशी पदवी, पासपोर्ट आणि इथली मूळ गुणपत्रिका. पदवीवर ‘डिअर’ वगळून उरलेलं नाव असतं, पासपोर्टवर आडनाव मागं, गुणपत्रिकेवर पुढं. साहेब तिन्ही कागद शेजारीशेजारी ठेवतात, चष्मा वर सरकवतात आणि विचारतात :

“हे तिघं एकच का?”